जगवलंत, आता उभंही करा

रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. तोंडात नळी, मानेत आणि मनगटात सुया, बोटाला चिमटा, डोक्याशी आकडे दाखवणारे पडदे आणि औषधाच्या गुंगीत निपचित पडलेलं आपलं माणूस. आयसीयूच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक एकमेकांना धीर देतात, 'शांत झोपलेत ना, मग बरं आहे. त्रास तरी कळत नाही.' पाच मिनिटं आत सोडलं तर आपण हात हातात घ्यायलाही बिचकतो. न जाणो, कुठली तरी नळी हलायची!

अशा रुग्णाची गुंगी उतरवून त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसवावं, झेपलं तर उभं करावं आणि नळी तोंडात असतानाच चार पावलं चालवावं, असं कुणी सुचवलं तर बहुतेकांना ते अघोरी वाटेल. पण हाच उपचार आज जगातल्या अनेक रुग्णालयांत रोज दिला जातो. त्यामागे गेल्या पंचवीस वर्षांचं संशोधन आहे आणि एक साधा प्रश्न आहे. रुग्ण वाचला हे खरं, पण तो घरी कोणत्या अवस्थेत गेला?

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. गंभीर आजारात यंत्रं आणि औषधं जीव वाचवतात, पण त्याच काळात पलंग माणसाचं शरीर पोखरत असतो. हे पोखरणं आजारपण ओसरल्यावर भरून काढू म्हटलं तर उशीर झालेला असतो. रुग्णाला उभं करण्याची तयारी त्याला जगवण्याच्या धडपडीबरोबरच, त्याच पलंगावर सुरू व्हायला हवी.

कोपनहेगनचे जागे रुग्ण

अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी जाग्या रुग्णांच्या सोबतीत झाला. 1952 साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भीषण साथ पसरली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात येत होते आणि रुग्णालयाकडे श्वास देणारी यंत्रं होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या 31 रुग्णांपैकी 27 जण दगावले.

तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावण्यात आलं. 27 ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिच्या फुफ्फुसांत हवा भरायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ जे रोज करतात तेच त्यांनी वॉर्डात केलं. मुलगी वाचली. त्यानंतर वैद्यकीय शाखेचे सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून ही पिशवी दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं घसरलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्ये सुरू केलेला विभाग हा आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ मानला जातो.

त्या साथीतले कितीतरी रुग्ण नळी असतानाही शुद्धीवर होते. पिशवी दाबणारे विद्यार्थी त्यांच्याशी बोलत, त्यांना गोष्टी वाचून दाखवत, त्यांच्या डोळ्यांच्या खुणांवरून हवा कमी पडतेय की जास्त हे ओळखत.

त्याच सुमाराला मुंबईही पोलिओशी झुंजत होती. लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभं करणारे हात तयार व्हावेत म्हणून 1950च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानं, देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं. 1955 मध्ये हाजी अलीजवळ पुनर्वसन-वैद्यकाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. युरोपात पोलिओनं अतिदक्षता विभागाला जन्म दिला आणि मुंबईत त्याच पोलिओनं फिजिओथेरपीचा पाया घातला. एकाच आजाराची ही दोन अपत्यं पुढे मात्र रुग्णालयाच्या दोन वेगळ्या मजल्यांवर वाढली. फिजिओथेरपिस्टनं रुग्णाकडे यायचं ते अतिदक्षता विभागातून तो बाहेर आल्यावर, अशी रीत पडून गेली.

गुंगी कशी वाढत गेली

पुढच्या दशकांत व्हेंटिलेटर बलवान झाले, पण बराच काळ ते रुग्णाच्या मर्जीनं चालत नसत. यंत्र आपल्या लयीत हवा ढकलणार आणि रुग्ण आपल्या लयीत श्वास घेऊ पाहणार. या ओढाताणीवर सोपा उपाय होता गुंगीचा. शिरेतून अखंड चालणारी झोपेची औषधं आली, गरज पडली तर स्नायू लुळे पाडणारी औषधंही आली. हेतू चांगलाच होता. रुग्णाला वेदना होऊ नयेत, नळी ओढली जाऊ नये, नंतर काही आठवू नये. हळूहळू मात्र गाढ झोप ही व्हेंटिलेटरची अटच होऊन बसली.

अमेरिकेत डेन्व्हरला काम केलेले थॉमस पेटी हे या शास्त्रातलं मोठं नाव. फुफ्फुसं अचानक निकामी होण्याच्या 'एआरडीएस' या विकाराचं 1967 मध्ये प्रथम वर्णन करणाऱ्यांपैकी ते एक. 1998 मध्ये त्यांनी एका टिपणात खंत व्यक्त केली, की आपल्या सुरुवातीच्या काळात व्हेंटिलेटरवरचे रुग्ण जागे असत, खुर्चीत बसत, माणसांशी संपर्क ठेवत. आता विभागात फिरताना दिसतात ती गुंगीत, हालचालीविना पडलेली शरीरं.

दोनच वर्षांनी शिकागो विद्यापीठात जॉन क्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 128 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांची झोपेची औषधं रोज एकदा थांबवून त्यांना पूर्ण जागं होऊ द्यायचं, एवढाच तो बदल. या रुग्णांचा व्हेंटिलेटर सरासरी अडीच दिवस आधी सुटला. ज्या गुंगीला आपण दिलासा समजत होतो तीच रुग्णाला यंत्राशी बांधून ठेवत होती.

पलंग शरीराचं काय करतो

अंथरुणाचे धोके वैद्यकाला नवीन नाहीत. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी 1947 मध्येच रुग्णाला उगाच झोपवून ठेवण्याविरुद्ध खणखणीत लेख लिहिला होता. 1966 मध्ये डॅलसला वीस वर्षं वयाच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवण्यात आलं. त्यांची शारीरिक क्षमता पाव भागाहून अधिक घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा असं दिसलं, की तीन दशकांच्या वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांनी केलं होतं.

ही झाली निरोगी माणसांची गोष्ट. त्यात रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, ताप, वाढलेली साखर, स्टिरॉइड आणि बंद पडत चाललेले अवयव मिळवले की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं. लंडनमधल्या संशोधकांनी 63 गंभीर रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 18 टक्क्यांनी कमी झालं होतं. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते त्यांची झीज अधिक होती. नसाही सुटत नाहीत. कॅनडाच्या चार्ल्स बोल्टन यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं, की जंतुसंसर्गातून वाचलेल्या काही रुग्णांना व्हेंटिलेटर सोडवत नाही, त्यांचे हातपाय उचलत नाहीत, कारण आजारानं त्यांच्या नसाच दुखावलेल्या असतात.

सगळ्यांत हादरवणारा पुरावा आहे श्वासपटलाचा. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायू जन्मापासून एक क्षण थांबत नाही. यंत्र श्वास देऊ लागलं की तो थांबतो. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले. 18 ते 69 तास पूर्ण व्हेंटिलेटरवर राहिल्यावर त्यातले तंतू निम्म्याहून अधिक रोडावलेले आढळले. तासांचा हिशेब आहे हा, आठवड्यांचा नव्हे.

आणि मग रुग्ण घरी जातो. टोरोंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या 109 जणांचा वर्षभर पाठपुरावा केला आणि 2003 मध्ये निष्कर्ष मांडले. या रुग्णांचं वय साधारण पंचेचाळीस, म्हणजे ऐन कर्तेपणाचं. अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना त्यांचं वजन सरासरी 18 टक्क्यांनी घटलेलं होतं. ज्या फुफ्फुसांसाठी व्हेंटिलेटर लावला ती सहा महिन्यांत जवळपास पूर्ववत झाली. माणसं मात्र झाली नाहीत. वर्षभरानंतरही सहा मिनिटांत ती जेवढं चालत ते त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या दोन तृतीयांश भरलं. कामावर परतलेले होते 49 टक्के.

अंगातली ही अशक्तता, त्याबरोबर विसराळूपणा, एकाग्रता न होणं, दुःस्वप्नं, उदासी या साऱ्याला आता 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असं एकत्रित नाव आहे. कोविडच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी ते नाव न ऐकताच ते अनुभवलं. माणूस घरी आला, पेढे वाटले गेले आणि महिन्यांनंतरही तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता.

एका परिचारिकेचा हट्ट

या कहाणीतलं वळण घडवलं ते पॉली बेली या परिचारिकेनं. अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयात त्या काम करत. अतिदक्षता विभागातून बरी होऊन गेलेली एक रुग्ण घरी किती परावलंबी झाली आहे हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या, आणि आपल्या विभागात रुग्णांना जागं ठेवायचं, बसवायचं, चालवायचं, हा त्यांचा हट्ट झाला. डॉ. टेरी क्लेमर यांच्यासारखे सहकारी त्यांच्या पाठीशी होते. 2007 मध्ये त्यांच्या चमूनं 103 रुग्णांच्या 1449 हालचालींची नोंद प्रसिद्ध केली. बसणं, खुर्चीत जाणं, चालणं, सगळं त्यात आलं. अनुचित प्रसंग एक टक्क्याहूनही कमी. नळी तोंडात असतानाच चाललेले रुग्ण त्यात होते. वाचलेल्यांपैकी 69 टक्के जण विभाग सोडताना शंभर फुटांहून अधिक चालू शकत होते.

नोंदी झाल्या, पण तुलना हवी होती. ती 2009 मध्ये आली. विल्यम श्वाइकर्ट, जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत व्हेंटिलेटरवरच्या 104 रुग्णांचे दोन गट केले. झोपेची औषधं दोन्ही गटांत रोज थांबवली जात होती. फरक होता व्यायाम कधी सुरू करायचा यात. एका गटाला फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सरासरी दीड दिवसात सुरू झाली, दुसऱ्याला सात दिवस उलटून गेल्यावर. रुग्णालयातून घरी जाताना आंघोळ, कपडे, जेवण, शौच आणि चालणं स्वतःचं स्वतः करू शकणारे पहिल्या गटात 59 टक्के होते, दुसऱ्यात 35 टक्के. भ्रमाचे दिवसही निम्म्यावर आले. 498 सत्रांत गंभीर प्रसंग घडला एक. त्यात प्राणवायूचं प्रमाण खाली गेलं होतं.

भ्रम हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. आयसीयूत रुग्ण भलतंच बोलतो, नळ्या ओढतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो, किंवा नुसता शून्यात पाहत राहतो. हे मेंदूचं बिघडणं आहे आणि त्याचे व्रण राहतात. शिकागोच्याच भक्ती पटेल यांच्या चमूनं 2023 मध्ये 200 रुग्णांचे वर्षानंतरचे निष्कर्ष मांडले. लवकर हालचाल केलेल्यांपैकी 24 टक्क्यांची आकलनशक्ती उणावलेली होती, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 43 टक्के. पाय हलवल्याचा फायदा डोक्यापर्यंत पोचतो, एवढा त्याचा साधा अर्थ.

वीस मिनिटांचं काम

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. सकाळी सिस्टर झोपेचं औषध थांबवतात. रुग्ण डोळे उघडतो का, बोलणाऱ्याकडे पाहतो का, सांगितल्यावर हात दाबतो का, जीभ दाखवतो का, हे पाहिलं जातं. मग आकडे. प्राणवायू 60 टक्क्यांच्या आत पुरतोय का, रक्तातलं त्याचं प्रमाण नव्वदच्या वर आहे का, श्वास मिनिटाला तीसच्या आत आहे का, रक्तदाब टिकवणारं औषध वाढवावं तर लागत नाही ना. यासाठी हिरवा, पिवळा, लाल अशा सिग्नलच्या रंगांची एक आंतरराष्ट्रीय सूची 2014 पासून उपलब्ध आहे. तोंडात नळी असणं हे त्या सूचीत लाल नाही. हिरवं आहे.

नंतर येतं सगळ्यांत किचकट काम. नळ्या मोजायच्या. लघवीची पिशवी पलंगाच्या ज्या बाजूला उतरायचं त्या बाजूला घ्यायची. नाकातून चाललेला आहार थांबवायचा. नळीतला कफ ओढून घ्यायचा. व्हेंटिलेटर जवळ सरकवून त्याच्या पाइपांना ढील द्यायची. एका माणसानं फक्त तोंडातल्या नळीकडे पाहायचं, दुसरं काहीही करायचं नाही. फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या समोर, सिस्टर बाजूला, वॉर्डातले मामा किंवा मावशी पाठीशी.

'काका, आता तुम्हाला बसवतोय. दमलात तर माझा हात दाबा.'

पलंगाचं डोकं वर, पाय कडेवरून खाली, एक हात खांद्यामागे, आणि तीन म्हणताच काका बसतात. मान डुगडुगते. धड एका बाजूला कलतं. रक्तदाब थोडा उतरतो, पडद्याकडे सगळ्यांच्या नजरा जातात, आणि मिनिटभरात आकडा सावरतो. तळपाय जमिनीला टेकवलेले असतात. चष्मा असेल तर लावतात. ओला रुमाल हातात दिला जातो आणि हात धरून का होईना, काका स्वतःचं तोंड पुसतात. पाच मिनिटं झाली की पुन्हा आडवं. उद्या दहा मिनिटं. परवा खुर्ची. मग जागच्या जागी पावलं, मग वॉकर, आणि मागे व्हेंटिलेटर किंवा अँबू बॅग, म्हणजे हातानं दाबायची श्वासाची पिशवी, घेऊन चालणारी मंडळी.

शुद्ध नसलेल्या रुग्णासाठी सुरुवात याच्याही आधीची असते. सांधे एकेक करून हलवणं, कूस बदलणं, पलंगाला जोडता येणाऱ्या सायकलवर पाय फिरवणं. बेल्जियममधल्या लूवेनच्या चमूनं 2009 मध्ये या सायकलीचा उपयोग तपासला होता. शुद्ध आली की स्नायूंची ताकद मोजतात. दोन्ही हातापायांच्या बारा स्नायूगटांना शून्य ते पाच गुण, एकूण साठ. अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर ती आयसीयूतून आलेली अशक्तता.

धोक्याचं काय? 48 अभ्यासांतल्या 22,351 सत्रांची एकत्रित छाननी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. काही तरी खटकावं असे प्रसंग 2.6 टक्के सत्रांत घडले, आणि त्याचे काही परिणाम रुग्णाला भोगावे लागले असे 0.6 टक्के. बहुतेक वेळा रुग्णाला पुन्हा झोपवलं की आकडे जाग्यावर आले.

यंत्राची मजल याहूनही पुढे गेली आहे. फुफ्फुसं पार निकामी झाल्यावर शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या 'एक्मो' यंत्रावरचे काही रुग्णही मोजक्या अनुभवी केंद्रांत चालवले जातात, विशेषतः फुफ्फुस प्रत्यारोपणाची वाट पाहणारे. यंत्राची नळी जांघेऐवजी मानेतून घातली की पाय मोकळे राहतात. प्रत्यारोपणाच्या टेबलावर जाताना अंगात बळ असेल तर पुढचा प्रवास सोपा होतो, म्हणून हा खटाटोप.

मात्रा चुकली तर

इतकं वाचून एखाद्याला वाटेल, की मग प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवसापासून जोरात कामाला लावावं. तसं नाही. हालचालीचं मिठासारखं आहे, नसली तर शरीर टिकत नाही आणि जास्त झाली तर सगळंच बिघडतं.

पक्षाघाताच्या 2104 रुग्णांवर झालेल्या 'अव्हर्ट' या चाचणीनं 2015 मध्ये हे दाखवलं. पहिल्या चोवीस तासांतच वारंवार आणि दीर्घकाळ उठवलेल्या रुग्णांपैकी 46 टक्के चांगले सावरले, नेहमीच्या पद्धतीनं उठवलेल्यांपैकी 50 टक्के. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅरोल हॉजसन यांच्या नेतृत्वाखाली सहा देशांतल्या 49 रुग्णालयांत झालेल्या 'टीम' चाचणीनंही सावध केलं. व्हेंटिलेटरवरच्या 750 रुग्णांपैकी एका गटाला दिवसाला सुमारे 21 मिनिटं हालचाल मिळाली, दुसऱ्याला सुमारे 9 मिनिटं. सहा महिन्यांत रुग्णालयाबाहेर जिवंत घालवलेल्या दिवसांत फरक पडला नाही, 143 आणि 145. आणि रक्तदाब, हृदयाची लय, प्राणवायू बिघडण्याचे प्रसंग जास्त हालचालीच्या गटात 9.2 टक्के रुग्णांत घडले, दुसऱ्या गटात 4.1 टक्के.

या निकालावर काहींनी लगेच म्हटलं, झालं, हे खूळ संपलं. त्यांनी दुसऱ्या गटाकडे नीट पाहिलेलं नाही. त्या गटातले रुग्णही गुंगीत पडून नव्हते. त्यांनाही फिजिओथेरपिस्ट भेटत होते, तेही रोज हलत होते. थोडी हालचाल आणि जास्त हालचाल यांची ती तुलना होती. हालचाल आणि निपचित पडणं यांची नव्हे. 'टीम' चाचणीतून घ्यायचा धडा असा, की हा उपचार औषधासारखाच रुग्ण पाहून, मोजून द्यावा. औषधाची मात्रा चुकते म्हणून कुणी औषध फेकून देत नाही.

आपल्याकडे अडतं कुठे

सधन देशांतही सगळं आलबेल नाही. जर्मनीतल्या 116 अतिदक्षता विभागांची एका दिवसाची पाहणी झाली तेव्हा तोंडात नळी असलेल्या रुग्णांपैकी अवघे 8 टक्के त्या दिवशी पलंगाबाहेर काढलेले आढळले. मग आपल्याकडे काय असेल, याची कल्पना करता येते.

आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट नाहीत असं नाही. केईएमपासून सुरू झालेली परंपरा आज राज्यभरातल्या महाविद्यालयांत पोचली आहे, त्यांची राज्य परिषद आहे, 2021 मध्ये संलग्न आरोग्यव्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदाही झाला. अडतं ते कामाच्या रचनेत. बहुतेक ठिकाणी फिजिओथेरपिस्ट अतिदक्षता विभागात येतात ते छाती मोकळी करायला, दिवसातून एक-दोनदा, व्हिजिटच्या हिशेबानं. सकाळच्या राउंडला ते नसतात, त्यामुळे गुंगी कधी उतरणार हे त्यांना कळत नाही. ते येतात तेव्हा रुग्ण झोपेत, आणि रुग्ण जागा होतो तेव्हा ते गेलेले. एका सिस्टरकडे दोन-तीन गंभीर रुग्ण असतील तर जागा रुग्ण परवडत नाही, नळी ओढेल या भीतीनं हात बांधले जातात, आणि बांधलेला माणूस आणखी बिथरतो म्हणून गुंगी वाढवली जाते. त्यावर दोषाची भीती. पडून राहिल्यानं स्नायू झिजले तर त्याचं खापर आजारावर फुटतं, बसवताना नळी निसटली तर डॉक्टरांवर आणि फिजिओथेरपिस्टवर. साहजिकच काहीच न करणं सुरक्षित वाटतं.

हे दुष्टचक्र तोडायला महागडं यंत्र लागत नाही. हात असलेली भक्कम खुर्ची, वॉकर, प्राणवायूचा छोटा सिलिंडर, अँबू बॅग हे जिल्हा रुग्णालयातही असतं. लागतो तो नियम. रोज सकाळी राउंडमध्ये प्रत्येक रुग्णाबद्दल दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत, आज गुंगी कधी थांबवायची आणि आज हा कुठपर्यंत जाईल. अमेरिकेतल्या वेस इली यांच्यासारख्या डॉक्टरांनी वेदनाशमन, जागेपण, स्वतःच्या श्वासाची चाचणी, भ्रमाची तपासणी, हालचाल आणि कुटुंबाचा सहभाग अशी एकत्र सूत्रावली रूढ केली आहे. तिच्यातलं शेवटचं कलम, कुटुंब, आपल्याकडे भरपूर आहे. दाराबाहेर बाकड्यावर रात्र काढणारा मुलगा, सून, भाऊ हे आपल्या व्यवस्थेचं न वापरलेलं बळ आहे. त्यांना हात धुवायला लावून, काय करायचं नि काय नाही हे शिकवून आत घेतलं तर ओळखीचा आवाज, चष्मा, कानातलं यंत्र, घड्याळ, 'आज बुधवार आहे, सकाळचे दहा वाजलेत' हे सांगणं, हे सारं तीच माणसं करू शकतात.

नातेवाइकांसाठी

आपलं कुणी आयसीयूत असेल तर डॉक्टरांना विचारा, झोपेचं औषध आज थोडा वेळ थांबवता येईल का? ते थांबवणं शक्य नसेल तर का, हेही विचारा. त्यामागे खरी कारणं असतात. डोक्यातला वाढलेला दाब, अनावर झटके, अतिशय गंभीर फुफ्फुसविकार, चालू रक्तस्राव अशा रुग्णाला गुंगी आणि विश्रांतीच लागते. फिजिओथेरपिस्ट कधी येतात, त्या वेळी आम्ही जवळ थांबू का, असं विचारा. जाग्या रुग्णाला थोडी वेदना, थोडी भीती असते. ती पाहून 'झोपवून टाका हो त्यांना' असं म्हणू नका. त्या वेळी हात धरून बोलत राहणं हाच तुमचा उपचार.

आणि घरी आल्यावर घाई करू नका, सोडूनही देऊ नका. खुर्चीतून उठणं-बसणं, घरातल्या घरात चालणं, डॉक्टरांना विचारून वाढवलेली प्रथिनं, हे महिनोन्महिने चालू ठेवावं लागतं. स्मरणशक्ती, झोप, मनःस्थिती बिघडलेली वाटली तर तेही आजारपणाचंच उरलेलं टोक आहे, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

रुग्णालय चालवणाऱ्यांना एकच विनंती आहे. आपल्या अतिदक्षता विभागातून किती रुग्ण वाचले याचा आकडा आपण ठेवताच. किती जण स्वतःच्या पायांनी बाहेर पडले, हा दुसरा आकडाही आजपासून लिहायला लागा. तो लिहायचा ठरवलात की सकाळच्या राउंडला फिजिओथेरपिस्ट आपोआप हजर असतील. आणि वाचकहो, वेळ आलीच तर निःसंकोच विचारा, 'डॉक्टर, आज यांना बसवता येईल का?'